मोठी हार्डडिस्क, जुना संगणक आणि चौथीच्या गणितातले रकाने



केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळेला हमखास निघणारा एक विषय आज घेतो आहे. शाळेत एक जुना संगणक असतो. लोकवर्गणीतून घेतलेला, नाहीतर एखाद्या कार्यालयाने नवे आले म्हणून शाळेला देऊन टाकलेला. त्याची डिस्क भरते. मग आपण परभणीला जाऊन एक मोठी हार्डडिस्क आणतो, जोडतो, आणि ती दिसतच नाही. किंवा दिसते, पण 3 टीबीची डिस्क 746 जीबी दाखवते. दुकानदाराला फोन केला की तो म्हणतो, "सर, तुमचा संगणकच जुना झाला, आता नवीनच घ्या." आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, "डिस्कच डुप्लिकेट दिली त्यानं."

बहुतेक वेळा दोघांचंही म्हणणं खरं नसतं. डिस्क चांगली असते आणि संगणकही चांगला असतो. फक्त त्या जुन्या संगणकाला एवढा मोठा आकडा लिहिता येत नाही. डिस्क दिसली नाही तर त्रास होतो, पण नुकसान होत नाही. नुकसान करते ती दुसरीच. जी दिसते, वर्षभर छान चालते, आणि एके दिवशी आपल्याच हाताने आपलं सगळं पुसून टाकते. ती कशी ओळखायची आणि कशी टाळायची, एवढ्यासाठीच हा लेख.

आपल्या शाळांत हा प्रश्न का येतो?

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर गावोगाव डिजिटल शाळांची लाट आली. गावाने पैसे जमवले, कुठे ग्रामपंचायतीने निधी दिला, प्रोजेक्टर आले, संगणक आले. त्यातले बरेच संगणक आधीच वापरलेले होते. आज त्यांच्यावर विंडोज 7 आहे, काहींवर तर अजून एक्सपी आहे. एक्सपी 2001 सालचं. कंपनीने 8 एप्रिल 2014 ला त्याचा आधार थांबवला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला. म्हणून असा संगणक शक्यतो इंटरनेटला जोडू नये हे खरं, पण वर्गात व्हिडिओ दाखवायला तो अजूनही पुरतो. चालतंय ते फेकून द्यायला आपल्या शाळा काही श्रीमंत नाहीत.

दुसऱ्या बाजूला साहित्य वाढत गेलं. सप्टेंबर 2017 मध्ये दीक्षा आलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. पण जिंतूरच्या डोंगराळ भागात किंवा पालम, सोनपेठकडच्या आडवळणाच्या वस्तीवर भर वर्गात व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. म्हणून आपण तालुक्याच्या गावी चांगली रेंज बघून सगळं उतरवून घेतो आणि डिस्कवर घालून शाळेत नेतो. त्यात आपली स्वतःची भर असतेच. मोबाइलवर चांगल्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ घेतला तर साधारण शंभर-सव्वाशे एमबी होतो. तीन तासांचं स्नेहसंमेलन घेतलं तर 20 जीबी गेले. बालआनंद मेळावा, सहल, वृक्षारोपण, निरोप समारंभ धरून हिशोब करा. आणि त्याच डिस्कवर निकालाची पत्रकं, शिष्यवृत्तीच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका, शाळेच्या नोंदी. इंटरनेटवरचं पुन्हा उतरवता येतं. पहिलीतल्या लेकरांचा पहिल्या दिवसाचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू

1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. ही चोरी नाही. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात, त्यांचा 1 टीबी म्हणजे सरळ एक लाख कोटी बाइट. विंडोज मात्र 1000 ऐवजी 1024 ने भागते. तीनदा भागलं की 931 येतं. माप तेच, फक्त शेर वेगळा. 2 टीबी 1863 दिसते, 500 जीबी 465 दिसते. एवढा फरक असेल तर डिस्क उत्तम आहे, निर्धास्त राहा. फरक यापेक्षा मोठा असेल तर मात्र पुढचं वाचा.

रकान्यांची गोष्ट

चौथीच्या वर्गात आपण विचारतो, तीन अंकी सर्वांत मोठी संख्या कोणती? लेकरं ओरडतात, 999. त्यात एक मिळवला तर? 1000. आता फळ्यावर तीनच चौकटी काढा आणि 1000 त्यात लिहायला सांगा. एककापासून लिहीत गेलं तर शून्य, शून्य, शून्य बसतात, आणि हजाराच्या घरातल्या एकाला जागाच उरत नाही. चौकटींत दिसतं 000. जुनं चाकांच्या आकड्यांचं वीजमीटर असंच करायचं. 99999 नंतर सगळी चाकं फिरून 00000. मीटरला वाटतं आपण नवेकोरे.

हार्डडिस्कचं पोट म्हणजे लहान लहान खणांची मोठी रांग. जुन्या पद्धतीत प्रत्येक खणात 512 बाइट मावतात. खणांना क्रमांक असतात, शून्यापासून सुरू होणारे. संगणक डिस्कला सांगतो, "अमुक क्रमांकाच्या खणात हे लिही." हा क्रमांक लिहायला संगणकाकडे ठरावीक रकाने असतात, आणि प्रत्येक रकान्यात फक्त 0 किंवा 1. एका रकान्यात दोन संख्या, दोन रकान्यांत चार, तीनमध्ये आठ, दहामध्ये 1024. प्रत्येक नव्या रकान्याला दुप्पट.

बऱ्याच काळापर्यंतच्या संगणकांत यासाठी 28 रकाने होते. 28 वेळा दुप्पट केलं की 26,84,35,456 खण होतात. गुणिले 512, म्हणजे 1,37,43,89,53,472 बाइट. थोडक्यात 137 जीबी, विंडोजच्या मापात 128. हीच ती प्रसिद्ध 137 जीबीची मर्यादा. त्या काळच्या लोकांनी काही मूर्खपणा केला नव्हता. घरातल्या डिस्का तेव्हा काही एमबींच्या, फार तर एक-दोन जीबींच्या होत्या.

आता नीट बघा. पहिला 'बाहेरचा' खण म्हणजे क्रमांक 26,84,35,456. तो लिहायला 29 रकाने लागतात, एक आणि त्यापुढे 28 शून्यं. 28 रकान्यांत लिहिला तर पुढचा एक गळतो आणि उरतो शून्य. म्हणजे संगणक लिहायला निघाला डिस्कच्या पार पुढच्या टोकाला, आणि लिहून आला पहिल्या खणात. तिथे काय असतं? डिस्कची स्वतःची अनुक्रमणिका. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, याचा तक्ता. जनरल रजिस्टरचं पान संपलं म्हणून कुणी पहिल्या पानावरच्या नोंदींवर नव्या नोंदी लिहायला लागावं, तसं हे.

म्हणूनच डिस्क 'दिसते' याचा अर्थ 'चालते' असा घेऊ नका. निम्मी भरेपर्यंत कुठल्याच पलीकडच्या खणाला हात लागत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत. एका दिवशी भरत भरत रेषा ओलांडली जाते, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होत नाही. मग आपण म्हणतो, काल तर चांगला होता.

एक्सपीच्या बाबतीत हे घडण्याचा सर्वांत नेहमीचा रस्ता सांगतो, कारण तो आपल्या शाळांत सहज घडू शकतो. 2001 च्या मूळ एक्सपीत मोठ्या क्रमांकाची सोय चालू नव्हती. 2002 मध्ये सर्व्हिस पॅक 1 आला, त्यात ती आली. समजा शाळेच्या संगणकात सर्व्हिस पॅक 2 किंवा 3 असलेलं एक्सपी आहे आणि आत 250 जीबीची डिस्क आहे. सगळं ठीक चाललं आहे. व्हायरस आला, एक माणूस बोलावला, त्याने आपल्या पिशवीतली जुनी मूळ सीडी काढली आणि विंडोज पुन्हा टाकून दिलं. आता डिस्क 250 ची, त्यातला पार्टिशन 137 च्या पलीकडे गेलेला, आणि विंडोजला 28 च रकाने येतात. त्या दिवसापासून ती शाळा रेषेवर उभी आहे. त्यामुळे कुणी विंडोज टाकून गेलं की पहिलं काम करा. माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि सर्व्हिस पॅक कोणता लिहिलाय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर त्या डिस्कवर एकही फाइल न टाकता आधी आतलं सगळं दुसरीकडे घ्या.

विंडोज 98 चा संगणक कुणाकडे अजून असेलच तर त्याच्या नादी मोठी डिस्क लावू नका. त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरला 137 च्या पुढे जाताच येत नाही.

एकट्याला येऊन उपयोग नाही

आकडा लिहिण्याचं काम एकटं कुणी करत नाही. मदरबोर्डवरचा बायोस, विंडोजचा ड्रायव्हर, डिस्कच्या पहिल्या खणातला तक्ता, फाइल ठेवण्याची पद्धत, आणि डिस्क बाहेरून यूएसबीने जोडली असेल तर तिच्या डबीतली चिप. यांतल्या ज्याच्याकडे रकाने सर्वांत कमी, त्याचंच सर्वांना ऐकावं लागतं. म्हणून "माझ्या संगणकात नवीन विंडोज टाकलंय, तरी दिसत नाही" असं होऊ शकतं आणि "संगणक जुना आहे, तरी व्यवस्थित दिसते" असंही.

या अडचणीचा इतिहास लांब आहे, पण आपल्याला त्यातला थोडाच लागतो. सर्वांत जुनी मर्यादा 528 एमबीची, नंतर 8.4 जीबीची, मग काही बोर्डांवर 32 जीबीच्या आसपासची. त्या बोर्डांवर मोठी डिस्क लावली की संगणक सुरू होतानाच अडकून बसायचा. विंडोज 98 च्या एफडिस्कची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. पार्टिशन पाडणाऱ्या या प्रोग्रामकडे एमबी मोजायला 16 रकाने होते, म्हणजे 65,536 पर्यंत. 80 जीबीच्या डिस्कचे होतात 76,294 एमबी. 65,536 वजा केले की 10,758 उरतात. एफडिस्क 80 ची डिस्क साधारण दहा जीबीची आहे असं ठामपणे सांगायचा. पाचवीच्या मुलांना ही वजाबाकी द्या, त्यांना फार आवडते. संगणकसुद्धा हातचा विसरतो, याचा त्यांना विशेष आनंद होतो.

137 चा प्रश्न 48 रकान्यांनी सोडवला. 2002 च्या एटीए-6 या मानकात ते आले. 48 रकान्यांत सुमारे 14 कोटी जीबी मावतात, त्यामुळे त्या बाजूने आता चिंता नाही. पण पुढची भिंत दुसरीकडेच उभी होती.

2.2 टीबीची भिंत

मघाशी सांगितलं तो पहिल्या खणातला तक्ता, त्याला एमबीआर म्हणतात. तो 1983 मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर, डॉस 2.0 मध्ये आला. त्या संगणकाची डिस्क 10 एमबीची होती. दहा एमबी! आज एका मोबाइल फोटोलाही कधीकधी तेवढी जागा लागते. तरी त्या लोकांनी तक्त्यात खणांच्या क्रमांकासाठी 32 रकाने सोडले. 4,29,49,67,296 खण, म्हणजे सुमारे 2.2 टीबी, त्यांच्या डिस्कच्या दोन लाख पटीहून जास्त. मला हे दूरदृष्टीचं वाटतं. ती सोय 2010 मध्ये 3 टीबीच्या डिस्का येईपर्यंत पुरली.

आता ते 746 चं कोडं सोडवू, आपल्या कोटींत. 3 टीबीच्या डिस्कमध्ये सुमारे 3,00,059 कोटी बाइट असतात. 32 रकान्यांत मावतात 2,19,902 कोटी. वजाबाकी 80,157 कोटी. याला तीनदा 1024 ने भागा, येतात 746 जीबी. म्हणजे मीटर एकदा पूर्ण फिरलं आणि उरलेलं दाखवलं. तुमची डिस्क 746 दाखवत असेल तर दुकानदाराशी भांडू नका, ती खरोखर 3 टीबीची आहे. फक्त मधला ड्रायव्हर किंवा डबी जुनी आहे. 4 टीबीची अशीच 1.63 टीबी दिसते. अशा अवस्थेत त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

2.2 च्या पुढे जायचं तर तक्ताच नवा लागतो. त्याचं नाव जीपीटी, त्यात 64 रकाने. विंडोज 7 आणि त्यापुढचे सगळे जीपीटी वाचतात. फक्त विंडोज स्वतःच अशा डिस्कवरून सुरू करायची असेल तर 64 बिटची विंडोज आणि यूएफआय असलेला बोर्ड लागतो. नुसती फाइली ठेवायची डिस्क असेल तर ही अट नाही. आपल्याकडे सहसा सापडणारं 32 बिटचं एक्सपी मात्र जीपीटी वाचू शकत नाही. ते 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह' असं लिहून गप्प बसतं. त्याचा हा गप्प बसण्याचा गुण चांगला आहे.

एक चलाखी काही कंपन्यांनी केली, ती माहीत असावी. एक्सपीवाल्यांना 3-4 टीबीची बाहेरची डिस्क विकायची होती. तर डबीतल्या चिपने संगणकाला सांगितलं, "माझा प्रत्येक खण 512 चा नाही, 4096 चा आहे." रकाने तेच 32, पण खण आठपट मोठा, म्हणून मर्यादाही आठपट, साडेसतरा टीबीच्या पुढे. गणित फार सुंदर आहे. पण उद्या डबीची पिन तुटली आणि कुणी आतली डिस्क काढून थेट संगणकाला लावली, तर खणांचा हिशोब जुळत नाही आणि डिस्क कोरी दिसते. माहिती गेलेली नसते. तशाच प्रकारच्या डबीत परत घातली की दिसते. तोपर्यंत कुणी फॉरमॅट मारला नसेल तर.

तो एक प्रश्न, ज्याला 'नाही' म्हणायचं

लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जुन्या संगणकाला डिस्क कळली नाही की तो विचारतो, "डिस्क इनिशियलाइज करायची का?" किंवा "डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?" भरलेल्या डिस्कबद्दल हा प्रश्न आला तर कॅन्सल. नेहमी कॅन्सल. संगणक म्हणतो फॉरमॅट केलेली नाही, त्याचा खरा अर्थ असतो, 'मला वाचता येत नाही'. ज्याला मोडी वाचता येत नाही त्याने कागद कोरा आहे असं म्हणावं, त्यातला प्रकार. आमच्या ओळखीच्या एका शाळेत घाईत 'यस' दाबलं गेलं आणि स्नेहसंमेलनांचं सगळं चित्रीकरण गेलं. डिस्क नव्या संगणकाला लावली असती तर दोन मिनिटांत दिसली असती.

फाइल ठेवण्याच्या पद्धतीचं थोडक्यात. एफएटी32 पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. डिस्कवर 300 जीबी मोकळे असताना 5 जीबीचा व्हिडिओ "जागा नाही" म्हणून परत येतो, तो यामुळे. एक्सएफएटीला ही अडचण नाही, पण एक्सपीला त्यासाठी वेगळं अपडेट टाकावं लागतं. एनटीएफएस एक्सपीपासून सगळीकडे चालते, आणि आपल्याकडे लाइट जाते त्या मानाने ती जास्त भरवशाची, कारण अर्धवट राहिलेल्या कामाची ती नोंद ठेवते. तुमचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर एनटीएफएस वाचत नसेल तर त्याच्यासाठी एफएटी32 चा एक छोटा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा. मोठी डिस्क त्याच्यासाठी बिघडवू नका.

मग घ्यावी कोणती?

एक्सपी असलेला संगणक आहे आणि बाहेरून जोडायची डिस्क हवी आहे: 1 किंवा 2 टीबी घ्या, त्याच्या वर जाऊ नका. तिचा पार्टिशन एक्सपीवर न पाडता विंडोज 7 किंवा नंतरच्या संगणकावर पाडा, एमबीआर आणि एनटीएफएस निवडून. याला एक कारण आहे. 2011 च्या सुमारापासून नव्या डिस्का आतून 4096 चे खण वापरतात. एक्सपी पार्टिशनची सुरुवात 63 व्या खणापासून करतं, ती या मोठ्या खणांच्या मधोमध येते आणि डिस्क विनाकारण मंद चालते. नवी विंडोज 2048 व्या खणापासून सुरू करते, तिथे बरोबर जुळतं. असा पार्टिशन एक्सपी बिनतक्रार वापरतं.

विंडोज 7 वाल्यांनी 4 टीबीही घ्यायला हरकत नाही, जीपीटी करून. फक्त ती केंद्रातल्या एक्सपीच्या संगणकावर दिसणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.

संगणकाच्या आतली डिस्क बदलायची असेल तर झाकण उघडून वायर बघा. रुंद चपटी पट्टी असेल तर आयडीई, बारीक वायर असेल तर साटा. आयडीईच्या बोर्डाला आत मोठी डिस्क बसवण्याचा हट्ट नको. साटा असेल तर 120 जीबीची एसएसडी विंडोजसाठी बसवा. 120 म्हणजे 137 च्या आत, जुन्या कुठल्याच भिंतीला ती धडकत नाही, आणि संगणक आधीपेक्षा किती पळतो ते बघून मुख्याध्यापकही खूश होतात. एक्सपी असेल तर बायोसमध्ये साटाची सेटिंग एएचसीआय ऐवजी आयडीई ठेवा, नाहीतर निळा पडदा येतो. व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर राहू द्या.

लिनक्सचा पर्यायही आहे. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी केलेलं बॉस लिनक्स फुकट मिळतं. लिनक्स एकदा सुरू झालं की डिस्कचा आकार बायोसला विचारत बसत नाही, आणि जीपीटीही वाचतं. जुन्या संगणकाला मोठी डिस्क लावायचा हा माझ्या मते सर्वांत स्वच्छ रस्ता. पण शाळेत ते सांभाळणारं एक तरी माणूस हवं. बदली झाली की मागे काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

आता वीज आणि वेळ. बाहेरची छोटी डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. जुन्या संगणकाच्या पुढच्या पोर्टला ती पुरत नाही, डिस्क टिक-टिक करते आणि दिसत नाही. मागच्या पोर्टला लावून बघा, लांब वायर वापरू नका. यूएसबी 2.0 वर सेकंदाला साधारण 30 एमबी जातात, म्हणजे 500 जीबीला साडेचार तासांहून जास्त. फारच जुना, यूएसबी 1.1 चा पोर्ट असेल तर सेकंदाला जेमतेम 1 एमबी, आणि तेच काम जवळजवळ पावणेसहा दिवसांचं. त्यामुळे संगणक बंद पडला असं समजून वायर ओढू नका. मोठी कॉपी इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणीच लावा. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या परभणीच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत डिस्क तासन्‌तास चालवू नका. बहुतेक डिस्कांची मर्यादा 55 ते 60 अंश असते, आणि खोलीच 42-43 ला असेल तर डिस्कला पुढे फार अंतर उरत नाही. ते काम सकाळच्या शाळेत उरका.

बाजारातला '2 टीबी पेनड्राइव्ह'

हा विषय जोडूनच घेतो, कारण आतली युक्ती तीच आहे. चार-पाचशे रुपयांत 2 टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला असं सांगणारे शिक्षक मला दरवर्षी भेटतात. तो बहुतेक वेळा 16 किंवा 32 जीबीचा असतो. चिपला मुद्दाम खोटं बोलायला शिकवलेलं असतं. मर्यादा संपली की तो पुन्हा सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर लिहिल्यासारखं दाखवून सोडून देतो. फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो, उघडत मात्र नाहीत. जुन्या संगणकात अडचणीमुळे जे घडतं, ते इथे फसवणूक म्हणून घडवलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो पूर्ण डिस्क भरतो आणि पुन्हा वाचून बघतो की लिहिलेलं तसंच आहे का. लिनक्सवर एफ3 आहे. मोठ्या डिस्कला रात्र लागेल, लागू द्या. शाळेची माहिती टाकण्याआधी, डिस्क कोरी असतानाच हे करायचं. जुन्या संगणकाला लावलेल्या खऱ्या डिस्कवरही ही चाचणी चालते, आणि 137 किंवा 2.2 च्या रेषेवर तो संगणक घसरतो की नाही हे तिथेच कळतं. नुसत्या 'दिसते' वर विश्वास ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि कितीही चांगली डिस्क घेतली तरी प्रत दोन ठिकाणी हवी. एक शाळेच्या कपाटात, एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या सहकाऱ्याकडे. 4 टीबीच्या एका डिस्कपेक्षा 2 टीबीच्या दोन मी केव्हाही घेईन. एक्सपीलाही चालतात.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. डिस्कच्या पाठीवर एक कागदी चिठ्ठी चिकटवा, वर पारदर्शक टेप. तिच्यावर लिहा: क्षमता किती, संगणकात किती दिसते, एमबीआर की जीपीटी, एनटीएफएस की दुसरं काही, पूर्ण तपासणी कोणत्या तारखेला केली, आणि शाळेतल्या कोणत्या संगणकावर ही लावायची नाही. त्याखाली मोठ्या अक्षरांत: 'फॉरमॅट करू का विचारलं तर कॅन्सल'. पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणारे सर किंवा मॅडम ती चिठ्ठी वाचतील.